आकडा कॉम्प्युटरचा, उत्तर पेशंटचं

आत्ता हॉलमध्ये येताना एका काकूंनी मला थांबवलं, म्हणाल्या, सुनेचा बायोप्सीचा रिपोर्ट आलाय, तुमचा कॉम्प्युटर सांगेल का हो ती बरी होईल का? आपल्या लश्कर भागातल्या गणपतीच्या कार्यक्रमात मला बोलवलंय ते कॅन्सर आणि कॉम्प्युटर याच विषयावर, तर तिथूनच सुरू करतो.

काकू, तो थेट असं सांगत नाही. तो सांगतो ते एवढंच, की पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची, प्रोटीन ज्यांचं बनतं त्या मण्यांची, एक छोटीशी माळ, ती अमुक प्रोटीनला चिकटेल का आणि किती घट्ट. आता याचा कॅन्सरशी काय संबंध? आपली प्रत्येक पेशी आतल्या प्रोटीनचे तुकडे करून थोडे बाहेर दाखवत असते, एचएलए नावाचं प्रोटीन ते तुकडे वर धरून ठेवतं आणि टी-सेल, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, येऊन तपासून जातात, आपलं आहे का परकं. या एचएलएला वर एक खोबण असते, तळ सपाट आणि दोन्ही कडांना दोन पीळ, त्यात बहुतेक वेळा ९ मण्यांची माळ बसते. एचएलएचे माणसागणिक वेगवेगळे प्रकार असतात, त्यातला ए-०२:०१ हा प्रकार घ्या, त्याला दुसऱ्या जागी ल्यूसिन हे अमिनो आम्ल आवडतं आणि शेवटच्या जागी व्हॅलिन किंवा ल्यूसिन, हे दोन मणी खाली खुंटीसारखे रुतले की मधले वर उचलून येतात आणि टी-सेल मुख्यतः तेच बघतो. कॅन्सरमध्ये जनुक बिघडून एखादा मणी बदलला, की कधीकधी ती माळ नव्याने परकी दिसायला लागते.

मणी २० प्रकारचे, जागा ९, म्हणजे माळा झाल्या ५१,२०० कोटी! एवढ्या कुठली लॅब तपासणार, म्हणून कॉम्प्युटर. लॅबमध्ये मोजलेल्या माळांवरून तो शिकतो आणि नव्या माळेसाठी आकडा देतो, आकडा जितका कमी तितकी पकड घट्ट, तो ५०० नॅनोमोलरच्या (हे द्रावणातल्या प्रमाणाचं माप) खाली आला की चिकटते असं धरायची जुनी रीत आहे. दुसरी पद्धत डॉकिंगची, त्यात माळ प्रत्यक्ष खोबणीत बसवून बघायची, पण ती वळवळते हो, प्रत्येक सांध्यात फिरते, आणि कुठले कोन शक्य आहेत हे मद्रासला बसून आपले शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्येच दाखवलं होतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण चिकटणं म्हणजे पेशंट बरा होणं नव्हे. ती माळ पेशीत खरंच तयार व्हायला हवी, तिला ओळखणारा टी-सेल अंगात हवा, आणि काही गाठी तर एचएलएच टाकून देतात, मग घट्ट माळेचा काय उपयोग? प्रोग्नोसिस, म्हणजे आजार पुढे कसा वळेल याचा अंदाज, हवा असेल तर आकड्यांच्या शेजारी खऱ्या पेशंटचं पुढे काय झालं ते मांडावं लागतं, वर्षानुवर्षं. त्यात आपल्या लोकांचे एचएलए प्रकार या शिकवणीच्या डेटात कमी आहेत, युरोपियन लोकांत जे जास्त सापडतात त्यांचेच आकडे भरपूर, तेव्हा तोच प्रोग्राम आपल्याकडे थोडा चाचपडतो.

माझ्या मावशीच्या गाठीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तो तुकडा, सहा वर्षांनी मागायला गेलो तर हॉस्पिटलला सापडला नाही, रजिस्टरमध्ये नंबर होता, कपाटात ब्लॉक नव्हता. तो मिळाला असता तर त्यातलं डीएनए वाचता आलं असतं. तेव्हा काकू, सुनेच्या ब्लॉकचा नंबर आजच लिहून घ्या, आणि ती बरी झाली तरी फॉलोअपला पाठवत राहा.