फाटकाबाहेरचे पहिले चौदा दिवस

नमस्कार श्रोतेहो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचा असेल. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, आणि त्याच रांगेत तुरुंगातल्या माणसाची भेट. एलिझाबेथ फ्राय १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगातल्या स्त्रियांना भेटायला गेल्या, तेव्हापासून आजपर्यंत कितीतरी ख्रिस्ती मंडळ्यांनी हे काम अंगावर घेतलं. अमेरिकेतल्या वॉटरगेट या राजकीय प्रकरणात स्वतः शिक्षा भोगलेल्या चार्ल्स कोल्सन यांनी १९७६ मध्ये प्रिझन फेलोशिप ही तुरुंगसेवेची संस्था सुरू केली. ज्या मंडळ्यांचे स्वयंसेवक आज नेमाने तुरुंगात जातात, त्यांच्यासाठी हे बोलणं आहे. विषय मात्र आतल्या उपासनेचा नाही. नशेची सवय असलेला माणूस सुटून फाटकाबाहेर येतो, त्यानंतरच्या पहिल्या चौदा दिवसांचा आहे.

चौदाच का? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या ३०,२३७ जणांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांमधलं मृत्यूचं प्रमाण त्या राज्यातल्या इतर रहिवाशांच्या जवळजवळ तेरापट निघालं. फक्त अमली पदार्थाच्या जादा मात्रेने झालेले मृत्यू पाहिले, तर १२९ पट.

कारण साधं आहे. हेरॉईन किंवा तशाच अफूच्या वर्गातल्या पदार्थांना रोज घेणाऱ्याचं शरीर हळूहळू सरावतं आणि मोठी मात्राही सोसतं. काही आठवडे पदार्थ मिळाला नाही की हा सराव ओसरतो. तलफ मात्र राहते आणि जुन्या मात्रेची आठवणही राहते. बाहेर आल्यावर तो पूर्वीइतकीच घेतो, श्वास मंदावतो आणि थांबतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर आणखी लवकर. म्हणजे आत कडक निर्व्यसनी राहिलेला माणूस बाहेर येताना जास्त धोक्यात असतो, कमी नाही. ही गोष्ट त्याला सुटकेआधीच, समोर बसून, स्पष्ट शब्दांत सांगावी लागते. ‘तू आता घेणारच नाहीस’ असं म्हणून विषय टाळणं हा विश्वास नव्हे, निष्काळजीपणा आहे.

इथे मंडळीची एक जुनी समजूत आड येते. माणसाने आत बाप्तिस्मा घेतला, वर्षभर पवित्र शास्त्र वाचलं, नशेला हात लावला नाही, म्हणजे तो व्यसनातून सुटला. त्याचा विश्वास खरा असू शकतो. पण त्या वर्षभरात तलफेच्या वेळी कोणाकडे जायचं, पैसे हातात आले की काय करायचं, जुना मित्र दारात आला तर काय बोलायचं, यातलं काहीच त्याच्यापुढे आलेलं नसतं. ते सगळं एकदम, पहिल्या दोन-तीन दिवसांत येतं.

म्हणून तयारी सुटकेच्या निदान तीन महिने आधी सुरू करावी. माणूस एक, स्वयंसेवक दोन, आणि तिघेही पुरुष किंवा तिन्ही स्त्रिया. दोघे अशासाठी की एकाला ताप आला म्हणून सुटकेचा दिवस हुकायला नको. आत भेटलेलाच स्वयंसेवक बाहेरही भेटला तर उत्तम. अनोळखी माणसाच्या हाती नुसती चिठ्ठी दिली की बहुतेक वेळा ती खिशातच राहते. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या सोळा हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास झाला. ज्यांना मुलाखती मिळत होत्या, म्हणजे आत कोणीतरी भेटायला येत होतं, त्यांच्या बाबतीत पुन्हा गुन्हा शाबीत होण्याचा धोका तेरा टक्क्यांनी कमी दिसला, आणि धर्मसेवक व मार्गदर्शक यांच्या मुलाखतींचा उपयोग विशेष दिसला. घटस्फोटित जोडीदाराच्या मुलाखतींनी मात्र उलटाच परिणाम केला.

आतल्या भेटीचे नियम थोडक्यात. कोणतीही वस्तू आत न्यायची नाही, बाहेर आणायची नाही. चिठ्ठी, औषधाची गोळी, ‘घरी एवढा निरोप द्या’ हेसुद्धा नाही. खटल्यावर बोलायचं नाही, जामिनाचं आश्वासन द्यायचं नाही, आपल्या घरचा पत्ता द्यायचा नाही. एखादा बंदी मन मोकळं करू लागला, तर आधीच सांगावं: मूल, दुसरी व्यक्ती किंवा तू स्वतः धोक्यात असशील तर मला ते लपवता येणार नाही. हे नंतर सांगितलं की त्याला दगा वाटतो. प्रार्थना कोणावरही लादायची नाही. मदत मिळवण्यासाठी ‘आमेन’ म्हणावं लागतं असं एकदा पसरलं की पुढचा प्रत्येक आमेन संशयास्पद होतो.

आता कागदपत्रं. ओळखपत्र, सुटकेचा कागद, चालू औषधांची यादी आणि डॉक्टरांची चिठ्ठी. तुरुंगात रोज औषध मिळतं, पण फाटकाबाहेर ते कोण देणार हे ठरलेलं नसतं. नेमकं इथेच सगळं तुटतं. बाहेरच्या दवाखान्याची वेळ सुटकेआधी ठरवून घ्या आणि हातात काही दिवसांचं औषध मिळेल का हे तुरुंगाच्या वैद्यकीय विभागाला विचारा. सुटका शुक्रवारी दुपारी असेल तर जास्तच जपा, कारण दवाखाना आणि सरकारी कचेरी एकदम सोमवारीच उघडते. हाच धोका ओळखून २०२३ मध्ये ब्रिटनच्या संसदेने कायदा केला आणि आठवड्याअखेरच्या सुटका दोन दिवसांपर्यंत आधी आणण्याची मुभा दिली. तुमच्याकडे असा कायदा नसेल तर शनिवार-रविवारची पाळी मंडळीने लावायची.

आणखी एक अडचण लोकांच्या लक्षातच येत नाही. काही ठिकाणी पॅरोलच्या, म्हणजे देखरेखीखालच्या सुटकेच्या, अटींत शिक्षा झालेल्या दुसऱ्या माणसाला परवानगीशिवाय भेटायला मनाई असते. मग माजी बंद्यांच्या प्रार्थनागटात बसणं हाच अटींचा भंग ठरू शकतो. पॅरोल अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घ्या. राहण्याच्या खोलीचंही तेच. तिथे कोण कोण राहतं ते अधिकाऱ्याला माहीत हवं, आणि खोली जुन्या अड्ड्यापासून लांब हवी, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

सुटकेचा दिवस उलगडून पाहू. वेळ अनेकदा बदलते, म्हणून स्वयंसेवकाने फाटकावर लवकर पोहोचावं आणि थांबून राहावं. पहिल्यांदा जेवण. मग बोलणं, तेही थोडंच. मग चार्ज केलेला फोन, आणि महत्त्वाचे नंबर कागदावरही लिहिलेले, कारण फोन हरवतो किंवा विकला जातो. रोख रक्कम शक्यतो हातात देऊ नका. प्रवासाचं तिकीट तुम्ही काढा, भाडं थेट घरमालकाला द्या. हा अविश्वास नाही आणि तसं त्याला उघड सांगता येतं: पैसा आणि तलफ एकाच वेळी खिशात नको. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, व्यसनमुक्ती गटाच्या बैठकीला त्याच्यासोबत जा. ‘जाऊन ये’ म्हणू नका. दारापर्यंत सोबत जा आणि आत त्याच्या शेजारी बसा. दारू सोडणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ मध्ये आणि अमली पदार्थ सोडणाऱ्यांची नार्कोटिक्स ॲनॉनिमस १९५३ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात दारू सोडणाऱ्यांच्या बैठका १९४२ पासून होत होत्या. ज्यांना ख्रिस्ती चौकटच हवी त्यांच्यासाठी १९९१ मध्ये सुरू झालेली सेलिब्रेट रिकव्हरी आहे. गट कोणताही चालेल, पहिली बैठक चुकता कामा नये.

पहिली रात्र अवघड जाते. कोठडीत दिवा, आवाज, हजेरी यांची सवय झालेली असते. शांत खोलीत झोप लागत नाही. जोराची तलफ साधारण पंधरा ते तीस मिनिटांत ओसरू लागते, म्हणून त्या वेळेपुरता कार्यक्रम ठरलेला हवा: आधी फोन, मग काहीतरी खाणं, मग बाहेर चालणं, आणि चालताना एखादं स्तोत्र मोठ्याने म्हणणं. पाठ असलेलं हवं, कारण त्या वेळी पुस्तक उघडून शोधण्याइतकं भान राहत नाही. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टी तलफेला बोलावतात. फोन आला की आधी या चारांबद्दल विचारा, उपदेश नंतर.

औषधांबद्दल मंडळ्यांमध्ये सर्वांत जास्त गैरसमज आहेत. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही अफूच्या व्यसनावर डॉक्टर देतात ती औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत. इंग्लंडमधल्या २०१७ च्या एका अभ्यासात, तुरुंगातून असे उपचार चालू असताना सुटलेल्यांमध्ये पहिल्या चार आठवड्यांतले मृत्यू ७५ टक्क्यांनी कमी आढळले. ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असं म्हणत एखाद्या वडीलधाऱ्याने ही गोळी बंद करायला लावली, तर त्या माणसाचा मृत्यू ओढवू शकतो. ज्याला मधुमेह आहे त्याचं इन्सुलिन आपण प्रार्थनेच्या नावाखाली थांबवत नाही. नॅलट्रेक्सोन हे अफूच्या पदार्थांचा परिणामच रोखणारं औषध वेगळं: ते सुरू करण्याआधी शरीर सात ते दहा दिवस अफूच्या पदार्थांपासून मोकळं हवं, आणि ते मध्येच सोडलं की जुन्या मात्रेचा धोका पुन्हा उभा राहतो. ठरवणार डॉक्टर, स्वयंसेवकाचं काम गोळी कुलपात ठेवणं आणि वेळेची आठवण करणं.

दारूचं गणित निराळं. पुन्हा रोज पिऊ लागलेल्या माणसाला खोलीत कोंडून, उपास करवून, प्रार्थनेने सोडवण्याचे प्रकार होतात. फार धोक्याचं आहे हे. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, बारा ते अठ्ठेचाळीस तासांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, ज्यात उपचाराविना जीव जाऊ शकतो. डॉक्टरांकडे न्यावं, तिथे थायमिन (जीवनसत्त्व ब-१) ही देतात, कारण त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

प्रभुभोजनाचा प्याला. तुमच्या मंडळीत खरा द्राक्षारस असेल, म्हणजे मद्यार्क असलेला, तर डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध घेणाऱ्याला एक घोटही चालत नाही: चेहरा लाल होतो, उलटी होते, छाती धडधडते. शेवटच्या गोळीनंतर पंधरवड्यापर्यंत ही भीती राहते, आणि खोकल्याच्या काही औषधांतही मद्यार्क असतो. उपाय सोपा आहे. थॉमस वेल्च यांनी १८६९ मध्ये उकळून न आंबणारा द्राक्षरस तयार केला तो प्रभुभोजनासाठीच. पण एकट्यासाठी वेगळा प्याला पुढे करू नका. सगळ्यांनाच तो द्या, म्हणजे कोणाकडे बोट जाणार नाही.

जादा मात्रेची खूण प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ हवी: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर, श्वास मंद किंवा घरघरता, हाक मारून किंवा हलवून जाग नाही. रुग्णवाहिका बोलवा. नॅलोक्सोनचा, म्हणजे अफूच्या पदार्थांवरच्या उताऱ्याचा, नाकात मारायचा फवारा जवळ असेल तर एका नाकपुडीत एक, आणि दोन ते तीन मिनिटांत फरक नसेल तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्या. शुद्धीवर आल्यावरही सोडून जाऊ नका. नॅलोक्सोनचा परिणाम साधारण तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतो आणि आतला पदार्थ शिल्लक असेल तर श्वास पुन्हा मंदावतो. कुशीवर झोपवा, जेणेकरून उलटी घशात जाणार नाही.

मंडळीपुढे विश्वासाची साक्ष देण्याची घाई करू नका. सुटून दुसऱ्या रविवारी माणसाला व्यासपीठावर उभं करतात, टाळ्या वाजतात, आणि तिसऱ्या आठवड्यात तो घसरला तर लाजेने मंडळीत येईनासा होतो. पौलाने तीमथ्याला नवशिक्याला अध्यक्षपद देऊ नकोस असं बजावलं होतं. तीच सावधगिरी इथे घ्या. निदान एक वर्ष थांबा.

घरच्यांचंही ऐका. पत्नीला मार खावा लागला असेल, तर ‘क्षमा कर आणि घरी घे’ असं पाळकाने सांगू नये. क्षमा करणं एक, एकाच छताखाली राहणं दुसरं. पिडलेल्या माणसाची माफी मागण्याबाबत व्यसनमुक्ती गटांच्या बारा पायऱ्यांमधली नववी पायरी नेमकी आहे: माफी मागण्याने समोरच्याला इजा होणार असेल तर नाही. न्यायालयाने भेटीला मनाई केली असेल तर पत्रसुद्धा नाही. आणि लहान मुलांविरुद्धचा गुन्हा असेल, तर मंडळीत त्याची बसण्याची जागा, सोबतचा माणूस आणि मुलांच्या खोल्यांपासूनचं अंतर हे सगळं लेखी ठरवा.

घसरण झालीच, तर त्याच दिवशी भेटा. काय घेतलं, किती, कधी, एकट्याने की कोणासोबत, हे विचारा. का घेतलं हे उद्या. डॉक्टरांना कळवा, पॅरोलच्या अटी पाहा, खोली लगेच काढून घेऊ नका. अटक झालीच तर मुलाखतीचा अर्ज नव्याने भरा, कारण जुना परवाना बहुतेक ठिकाणी चालत नाही. आणि तो काही आठवडे पुन्हा आत राहिला, तर शरीराचा सराव पुन्हा उतरलेला असतो. नवी सुटकेची तारीख कळली की चौदा दिवसांची पाळी पहिल्यापासून लावा.