पांढरी पडलेली बिलं

(चिंचवडमधल्या एका व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादन करून.)

मंडळी, आधी एक छोटं काम. आपापली पाकिटं काढा. पेट्रोल पंपाची किंवा एटीएमची जुनी पावती सापडते का बघा. वर्ष-दोन वर्षांपूर्वीची असेल तर फारच छान.

पहिल्या रांगेतल्या ताई कोरा कागद वर करून दाखवतायत. तिकडे मागे काकांचाही कोराच निघाला. या कागदावर शाई नसते. उष्णतेनं काळा होणारा लेप असतो, आणि तोच काळा रंग ऊन, घाम, प्लास्टिकची पिशवी यांनी उडून जातो. पावती फेकू नका, हातात राहू द्या.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘कामगार भरपाईतला वैद्यकीय खर्च आणि सरकारची देखरेख’. संयोजकांना वाटलं होतं की एवढ्या रुक्ष विषयाला कोण येणार. पण हे चिंचवड आहे. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरात, नात्यात किंवा शेजारी पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनवर बोट गेलेला माणूस आहे, त्यांनी हात वर करा बरं. बघा. अर्ध्याहून जास्त सभागृह. पुण्यातल्या पेठांमध्ये हाच प्रश्न विचारला होता तेव्हा तीन हात वर आले होते.

मी तीस वर्षं कामगार न्यायालयात वकिली केली. आपल्याकडे नुकसानभरपाईचे आयुक्त म्हणून कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच बसतात. तिथे मी अनेक दावे चालवले, काही जिंकलो, काही हरलो. त्यातला एक मात्र मी जिंकूनही हरलोय, आणि तोच सांगायला आज आलोय.

साल 2016. अंबाजोगाईकडचा पंचवीस वर्षांचा मुलगा. नाव सांगत नाही, तो अजून याच भागात काम करतो. भोसरीत एका छोट्या शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, पॉवर प्रेसवर होता. शॉपमध्ये कामगार सातच. हा आकडा लक्षात ठेवा. दहा असते तर राज्य कामगार विमा, म्हणजे आपला ईएसआय, लागू झाला असता. या पट्ट्यात किती शॉप्स वर्षानुवर्षं कागदावर नऊ माणसांवर थांबलेली असतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

संध्याकाळी ओव्हरटाइम चालू होता. प्रेसनं डबल स्ट्रोक मारला. पेडलवरून पाय काढलेला होता, पण रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, पुन्हा खाली आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. सोबतच्या पोरानं हुशारी केली, बोटं उचलली आणि डब्यात बर्फ घालून त्यात ठेवली.

इथे थोडं थांबतो, कारण हे कारखान्यात कोणी शिकवत नाही. तुटलेलं बोट थेट बर्फात ठेवायचं नाही. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, ते पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद करायचं, आणि मग ती पिशवी बर्फावर ठेवायची. थेट बर्फ लागला की पेशी मरतात. त्या पोराचा काहीही दोष नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शॉपमध्ये भिंतीवर गणपतीचा फोटो होता, ‘सेफ्टी फर्स्ट’ची पाटी होती. ही चार वाक्यं नव्हती.

खासगी रुग्णालयात नेलं. तिथे पहिला शब्द डिपॉझिट. मालकाच्या सुपरवायझरनं वीस हजार भरले आणि तिसऱ्या दिवसापासून फोन उचलणं बंद केलं. मग आले मामा. या गोष्टीतले मोठे माणूस तेच. गावाकडे चार एकर सोयाबीन. आडत्याकडून उचल घेतली, मामींचं गंठण गहाण ठेवलं. व्याज शेकडा तीन, दरमहा. दोन शस्त्रक्रिया झाल्या, बोटं बसली नाहीत, जखम चिघळली, ड्रेसिंग दोन महिने चाललं. मामांनी एकही बिल टाकलं नाही. रुग्णालयाची बिलं, औषधांची बिलं, रिक्षाचे पैसेसुद्धा वहीत लिहिलेले. सगळं एका कापडाच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत.

अर्ज दाखल केला. कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणतो, आयुक्तांनी तीन महिन्यांत निकाल द्यावा. पुराव्याला प्रकरण आलं तेव्हा 2019 उजाडलं होतं.

मामा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. मी म्हटलं, मामा, बिलं द्या. त्यांनी पिशवी उघडली आणि एक एक कागद काढायला लागले. पहिला कोरा. दुसरा कोरा. तिसऱ्यावर फक्त दुकानाचं छापील नाव. सदतीस बिलांपैकी औषधांची जवळजवळ सगळी पांढरी पडलेली. मामा कागद उजेडात धरून तिरपा करून बघत होते. मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, “साहेब, लिव्हलेलं व्हतं वो ह्याच्यावर. म्या रोज बघत व्हतो.”

कोर्टात कोणी हसलं नाही. समोरच्या वकिलांनीही मान खाली घातली. पण त्यांचं काम त्यांनी केलं. वही स्वतःच्या हातची आहे, तिच्यावर विश्वास ठेवू नये, असा आक्षेप घेतला. मी औषधाच्या दुकानात जाऊन नक्कल मागितली. त्यांनी मधल्या काळात कॉम्प्युटर बदलला होता. वहीत एक लाख बारा हजार लिहिलेले. सिद्ध झाले सेहेचाळीस हजार.

बाकीची भरपाई मिळाली. तिचं गणित सांगतो. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात शरीराचे दर लावलेले आहेत. अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली, एका हाताची दोन बोटं गेली तर 20 टक्के, चार गेली तर 50. चौथ्या परिशिष्टात वयाचा गुणक आहे, पंचविसाव्या वर्षासाठी 216.91. याचा पगार होता अकरा हजार, पण तेव्हा कायदा महिना 8 हजारांपेक्षा जास्त पगार धरतच नव्हता. 8 हजारांचे 60 टक्के, गुणिले 216.91, त्याचे 20 टक्के. 2 लाख 8 हजार 233 रुपये. आज हाच अपघात झाला तर मर्यादा 15 हजारांची आहे, 3 जानेवारी 2020 पासून. म्हणजे अपघात चार वर्षं उशिरा झाला असता तर पूर्ण अकरा हजार धरले गेले असते.

त्या परिशिष्टाबद्दल मला तासभर बोलता येईल. लेथवर काम करणाऱ्याचं बोट आणि वॉचमनचं बोट तिथे एकाच भावाचं. पण न्यायालयं नेहमी अशी हिशेबी नसतात. ओडिशातल्या एका सुताराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1968 साली चित्रपटगृहात नक्षीकाम करताना पडला आणि डावा हात गेला. मालक म्हणत होता, एकच हात गेलाय, क्षमता पूर्ण कशी गेली? आयुक्त म्हणाले, एका हातानं सुतारकाम होत नाही, 100 टक्के. सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. हातोडा एका हातात असतो, पण खिळा दुसऱ्या हातात धरावा लागतो. ज्या न्यायाधीशांना हे समजलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. त्याच निकालात दुसरी मोलाची गोष्ट आहे. मालकाचं देणं अपघाताच्या दिवशीच उभं राहतं, आयुक्तांनी आकडा ठरवण्याची वाट बघत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. हा कायदा 1923 चा. 1 जुलै 1924 ला लागू झाला. त्यात मृत्यूची भरपाई होती, अपंगत्वाची होती, उपचाराचा खर्च मागण्याचा हक्क मात्र नव्हता. तो आला 2009 च्या दुरुस्तीनं, 18 जानेवारी 2010 पासून. कलम 4, पोटकलम 2ए. कामाच्या ओघात झालेल्या इजेवर कामगारानं केलेल्या प्रत्यक्ष वैद्यकीय खर्चाची त्याला प्रतिपूर्ती मिळेल. शहाऐंशी वर्षांनी एक वाक्य आलं आणि त्यात हा शब्द बसवला, प्रतिपूर्ती. म्हणजे आधी तू खर्च कर. तुझ्याकडे नसतील तर मामीचं गंठण आहेच. मग बिलं जपून ठेव, मग सिद्ध कर, मग देऊ. ज्या माणसाचा पगार बंद आहे आणि हात बांधलेला आहे, त्यानं मालकाच्या जबाबदारीला आधी स्वतःचं भांडवल पुरवायचं. कायदा भरपाईवर उशिराचं व्याज देतो वर्षाला 12 टक्के. आडत्याचं होतं वर्षाला 36.

सामाजिक सुरक्षा संहिता आली, 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली, जुना कायदा तिच्यात विरला. कामावर जाता-येता होणारा अपघातही तिनं धरला, ही चांगली गोष्ट. पण ‘प्रतिपूर्ती’ हा शब्द तसाच नव्या घरात राहायला आला.

अध्यक्षांनी चिठ्ठी दिलीय. दहा मिनिटं. देखरेखीचा मुद्दा तर अजून सुरूच झाला नाही, तेव्हा भराभर सांगतो.

1944 साली प्रा. बी. पी. आडारकरांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, त्यातून 1948 चा ईएसआय कायदा उभा राहिला. त्याचं मर्म हे, की कामगाराला बिल दाखवावं लागत नाही, उपचारच मिळतो. मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75, आणि दवाखाना आपला. ईएसआयच्या रांगांबद्दल, औषधं नसण्याबद्दल तुमच्या तक्रारी आहेत, त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत. तरी तत्त्व बरोबर आहे. फक्त जिथे दहा माणसं नाहीत, किंवा पगार 21 हजारांवर गेला, तिथे ते संपतं आणि प्रतिपूर्ती सुरू होते.

दुसरं उदाहरण दूरचं. अमेरिकेत ही व्यवस्था प्रत्येक राज्याची वेगळी असते. ओहायो, वॉशिंग्टन अशा चार राज्यांत विमाच सरकारी निधीतून. कॅलिफोर्नियात विमा कंपन्या आहेत, पण नियम असा, की कामगारानं दाव्याचा अर्ज दिला की एका कामकाजाच्या दिवसात मालकानं उपचाराला मंजुरी द्यायची. दावा मान्य की अमान्य हे ठरेपर्यंत 10 हजार डॉलरपर्यंतचा उपचार चालू राहतो. डॉक्टर बिल पाठवतो विमा कंपनीला. कामगाराच्या हातात बिल येतच नाही. बिल किती असावं याचं राज्याचं दरपत्रक आहे, 2014 पासून डॉक्टरांचे दर मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, पद्धतीला जोडलेले. उपचार गरजेचा आहे की नाही यावर वाद झाला तर 2013 पासून तो स्वतंत्र डॉक्टरांकडे जातो. तिथेही सगळं गोड नाही. खर्च आटोक्यात ठेवण्याच्या नावाखाली उपचार नाकारले जातात, अशी कामगारांची ओरड आहे, आणि देखरेख करणाऱ्यानं ती ऐकलीच पाहिजे. पण तिथलं भांडण दवाखाना आणि विमा कंपनी यांच्यात असतं. आपल्याकडे मामा आणि कोरा कागद यांच्यात आहे.

आणि हे आपल्याला जमत नाही असं कोणी म्हणू नये. 2025 सालापासून केंद्राची योजना आहे. रस्ते अपघातात जखमी झालेल्याला सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचार. म्हणजे हाच मुलगा आज कारखान्याच्या फाटकाबाहेर मोटरसायकलखाली आला तर डिपॉझिट नाही. फाटकाच्या आत, मालकासाठी काम करताना प्रेसखाली आला तर डिपॉझिट. मला या फरकाचं एकही कारण कोणी सांगू शकलेलं नाही, आणि मी पुष्कळांना विचारलंय.

दोन मिनिटं राहिलीत. मागणी अशी आहे. नोकरदार भरपाईच्या विमा पॉलिसीत उपचाराचा खर्च आज मालकानं जादा हप्ता भरून वेगळा घ्यावा लागतो. तो सक्तीचा करा. पहिल्या दिवसापासून दीड लाखाची हमी सरळ रुग्णालयाला द्या, मालकाची जबाबदारी मागाहून ठरू द्या. दर नव्यानं शोधायची गरज नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे दर आहेत, महात्मा फुले योजनेची पॅकेजेस आहेत, त्यातले कुठले तरी लावा. कामगार आयुक्तालयात बिलं तपासणारे दोन-तीन डॉक्टर बसवा. आणि दरवर्षी राज्यानं छापावं, किती हात जखमी झाले, उपचाराला किती लागले, किती दिवसांत पैसे पोचले. देखरेख म्हणजे मला एवढंच म्हणायचंय.

तोवर, तुमच्या शेजारी कोणाला अपघात झाला तर त्याच दिवशी बिलांची झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या. आज घरी जाऊन दहा जणांना हे सांगा.

मामांची पिशवी मी जाताना या टेबलावर ठेवतो. निकालानंतर न्यायालयाकडून कागद परत मिळाले, ते मामांनी माझ्याकडे ठेवायला दिले. ज्यांना बघायचंय त्यांनी रांगेनं या, हळू हाताळा. ट्यूबलाइटखाली तिरपं धरलं तर दोन-तीन बिलांवर अजून तारीख दिसते.