बळ्ळारी नाल्याचा अर्ज

(दृश्य: बेळगावातलं वडगाव. अजून उजाडायचं आहे. चहाचा गाडा, पेपरचा गठ्ठा सुटतोय.)

वडगावात पेपर येतो तेव्हा विणकरांच्या मागांचा खडखडाट सुरू होऊन तास झालेला असतो. चहाच्या गाड्यावर एकच अंक सात-आठ जणांत फिरतो, आणि तो उघडतो मधल्या पानावर. कुठल्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं, पाणी कधी सुटणार, महापालिकेच्या बैठकीत कोण काय बोललं. एकजण मोठ्यानं वाचतो, बाकीचे त्याला वाक्य पुरं करू देत नाहीत.

"नाल्याची सफाई सुरू म्हणे! गेल्या साली पण हेच आलं होतं की ओ."

"पेपरवाल्याचं काय चुकलं? जाऊन बघून या आधी."

बेळगावचं हे वाचणं आणि वाचून भांडणं जुनं आहे. इथलं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. बाबुराव ठाकूर यांनी 'तरुण भारत' सुरू केला 1919 साली. 1946 साली साहित्य संमेलन इथं भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला. या गावाला मत आहे, आणि ते चारचौघांत बोलून दाखवायची सवयही आहे.

(दृश्य: नाला. काळं पाणी, जलपर्णी. पलीकडे नांगरलेली शिवारं.)

ज्या बातमीवरून आज वाद पेटलाय, ती या बळ्ळारी नाल्याची. शहराचं सांडपाणी घेऊन तो शहापूर, वडगावच्या शिवारातून पुढं जातो. हा भाताचा पट्टा, बेळगावच्या बासमतीचं नाव ज्या मातीमुळं झालं ती माती. इथं पावसाआधीच, कोरड्या जमिनीत भात पेरतात. धूळवाफ पेरणी म्हणतात तिला. मे महिन्याच्या शेवटाला बी जमिनीत गेलेलं असतं. मृगात चार सरी पडल्या की बांधावरून बघितलं तर रान पोपटी दिसतं, बोटभर कोंब वर आलेले असतात.

मग एखाद्या रात्री धो धो पाऊस होतो. नाल्यात गाळ, गाळावर जलपर्णी. पाण्याला पुढं वाट मिळत नाही, ते शिवारात पसरतं आणि तिथंच बसून राहतं. पाणी ओसरल्यावर शेतकरी वाकून एक रोप उपटतो, चिमटीत धरतो. देठ बोटातच कुजून सुटतो. मग पुन्हा बियाणं, नाहीतर कुणाकडं तरी रोप मागून लावण. मी याच भागात वाढलो. ते चिमटीतलं रोप मी जितक्यांदा बघितलंय, तितक्यांदा पोटात कालवलंय.

पाण्याचं दुखणं दुसऱ्या टोकाचं. 2008 साली शहरातल्या दहा वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं. उरलेल्या गल्ल्यांत बायका अजून विचारतात, "आज पाणी येणार काय ओ?" शेजारीण विचारते, "नीर बंतेन्री?" प्रश्न एकच. राकसकोप धरणाचं असो नाहीतर हिडकल धरणाचं, कळशी भरण्याशी मतलब.

(दृश्य: घराच्या चौकटीवर चिकटवलेला, अर्धा फाटलेला कागद.)

पण बातमी मराठीत कळते आणि नोटीस येते कन्नडमध्ये. इथं गाडं अडतं.

माझ्या एका मावशीच्या दारावर रस्ता रुंदीकरणाची नोटीस लागली होती. तिनं ती सोडवून घरपट्टीच्या पावत्यांच्या पिशवीत नीट घडी करून ठेवली. सरकारी कागद, फाटायला नको म्हणून. चार दिवसांनी समोरच्या विणकराची मुलगी आली, कन्नड शाळेत शिकलेली. तिनं वाचून सांगितलं, "मावशी, हरकत द्यायची मुदत परवाच संपली की." मावशी कितीतरी वेळ त्या कागदाकडं बघत राहिली. ज्या ओळीवर तिचं बोट होतं, ती तारखेची ओळ होती की नाही, हेसुद्धा तिला कळत नव्हतं.

1956 पासून सीमाप्रश्न आहे, 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर मावशीनं हरकत कशी द्यायची? जिथं भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, अशी केंद्रानं घालून दिलेली तरतूद आहे. आणि राज्यघटनेचं 350 वं कलम तर प्रत्येकाला हक्क देतं: देशात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडण्याचा. मराठीत अर्ज देणं म्हणजे कुणाच्या उरावर बसणं नव्हे. हे आपल्या माणसांनाही सांगावं लागतं, कारण पुष्कळजण खिडकीशी जाऊन अर्ज खिशातच ठेवून परत येतात.

(दृश्य: पुन्हा चहाचा गाडा. पेपर बाजूला, कोरा कागद पुढं.)

आज वाद तोंडी राहिला नाही. नाल्याचा अर्ज लिहायचं ठरलं. एका काकांनी मराठीत मजकूर घातला. ज्यांचे माग पाण्यात जातात त्या अण्णांनी पाठीमागं तोच मजकूर कन्नडमध्ये उतरवला. गावाच्या नावावर गाडी थांबली. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी, आणि काकांच्या हातून ते उतरेना. आवाज चढले, चहा निवला. शेवटी काकांनी आपल्या बाजूला बेळगाव लिहिलं, अण्णांनी आपल्या बाजूला बेळगावी. खाली सह्या दोन्ही लिप्यांत, आणि तीन अंगठे.

(दृश्य: कचेरीची खिडकी.)

खिडकीतल्या माणसानं कागद उलटसुलट बघितला. कन्नडची बाजू वाचली, मराठीची चाळली. काकांचा हात खिशातल्या पेपरच्या कात्रणावर होता, 350 कलमाचा आकडा त्यांनी पेननं त्यावर लिहून आणला होता. तो काढायची वेळ आली नाही. शिक्का उठला, आवक क्रमांक पडला.

"पंधरा दिवसांनी येऊन बघा."

काकांनी पोच घडी करून वरच्या खिशात ठेवली. शिवारात पेरणी होऊन आठ दिवस झालेत. पंधरा दिवसांनी मृग लागलेला असेल.