तीन पायऱ्या, अठरा फूट

(दृश्य: प्रवेशद्वार, पायरीला लावलेली टेप)

सहा इंच. ही पण सहा. आणि वरची, तीही सहाच. मिस्त्रींनी टेप गुंडाळली, म्हणाले, "दीड फूट धरा."

डोंबिवलीतली ही बिल्डिंग पंचवीसेक वर्षं जुनी. खाली स्टिल्ट पार्किंग आहे, लिफ्ट आहे, आणि लिफ्टच्या आधी या तीन पायऱ्या आहेत. म्हणजे लिफ्ट आहे, पण तिच्यापर्यंत तुम्हाला चालत जाता आलं पाहिजे. त्या काळात सगळीकडे असंच बांधलंय म्हणा, पावसाचं पाणी आत यायला नको म्हणून जोतं उंच ठेवायचं आणि जोत्याला पायऱ्या मारायच्या, संपलं.

डावीकडे दिसतोय तोही रॅम्पच बरं का. स्कूटर चढवायचा. पाच फुटांत दीड फूट चढतो. शूटिंगच्या पहिल्या दिवशी हाच दाखवून आम्हाला सांगितलं गेलं, "आहे की रॅम्प!" त्यावरून व्हीलचेअर सोडली तर काय होतं हे बघायला आम्ही रिकाम्या खुर्चीत पन्नास किलोची सिमेंटची गोणी बसवली.

(इथे गोणी खाली येईपर्यंत निवेदन नको)

ताई दुसऱ्या मजल्यावर राहतात. अपघातानंतर सहा वर्षं व्हीलचेअरवर आहेत. या पायऱ्यांपायी नोकरी सुटली, त्यावर कॅमेऱ्यासमोर बोलायचं नाही म्हणाल्या, तर ते राहू दे. घर मात्र त्यांनी स्वतः फिरून दाखवलं. बाथरूमचा दरवाजा चोवीस इंचांचा, खुर्ची पंचवीस. एका इंचासाठी दरवाजा काढून टाकला आणि पडदा लावला, तरी चौकट आडवी येतेच, म्हणून बाहेर एक खुर्ची सोडायची, आत चाकं लावलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर सरकायचं. मध्ये कडप्प्याचा उंबरा. तो पुतण्याने ग्राइंडरने कापला, त्या कापलेल्या कडेवर अजून पांढरी पावडर दिसते बघा.

आता हा खडूचा गोल. हॉलमध्ये फरशीवर ताईंनीच काढायला लावला, पाच फूट व्यासाचा. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला 1500 मिलिमीटर मोकळी जागा लागते, म्हणजे हाच गोल. सोफा एक वीत आत येतोय. सोफा कुणी हलवायचा यावर घरात जे काही बोलणं झालं ते आम्ही एडिटमध्ये काढलंय.

तर हे सगळं मोजमाप कुठून आलं? केंद्र सरकारची सुगम्यतेची, म्हणजे अपंगांनाही इमारत अडथळ्याविना वापरता यावी यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आत्ताची 2021 ची, त्याआधी 2016 ची. दरवाजातून जायला 900 मिलिमीटर मोकळी वाट हवी, रॅम्पला दोन्ही बाजूंना आणि दोन उंचींवर कठडा हवा, आणि चढ 1:12 पेक्षा जास्त नको. मिलिमीटरपर्यंत सगळं लिहिलेलं आहे. अपंगांच्या हक्कांचा कायदा तर त्याहून जुना, पहिला 1995 चा, मग 2016 चा. या दुसऱ्या कायद्यात कलम 44 सरळ सांगतं की बांधकामाचा नकाशा सुगम्यतेच्या नियमांत बसत नसेल तर आस्थापनेला बांधकामाची परवानगी द्यायची नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. खासगी आस्थापना म्हणजे कोण, त्या यादीत कंपनी आहे, फर्म आहे, आणि सहकारी संस्था पण आहे. ते वाचून ताई जाम खूश झाल्या होत्या. पण जुन्या इमारती सुधारायचं कलम वेगळं, 45, आणि ते बोलतं सार्वजनिक इमारतींबद्दल. राहती सोसायटी त्यात धरायची का, इथे गाडी अडते.

आणि अजून एक घोळ. या कायद्याखालच्या 2017 च्या नियमांनी बोट दाखवलं मार्गदर्शक तत्त्वांकडे, ती म्हणतात "असं केलं तर बरं", मग पाळतं कोण? राजीव रतुरी नावाच्या दृष्टिहीन गृहस्थांनी 2005 मध्येच सुप्रीम कोर्टात याचिका टाकली होती. त्याच प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 ला, म्हणजे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या कामकाजाच्या शेवटच्या दिवशी, कोर्टाने 2017 च्या नियमांतला 15 (1) हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा असं केंद्राला सांगितलं. 2005 ते 2024. मध्ये ताईंची बिल्डिंग दोनदा रंगवून झाली.

(दृश्य: सुतळी, खुंट्या, पाण्याची नळी)

मिस्त्री इंच-फुटातले आहेत, त्यांना 1:12 चं सूत्र एका दमात कळलं. एक इंच चढायला एक फूट पुढे जायचं. पायऱ्या दीड फूट, म्हणजे अठरा इंच, म्हणजे अठरा फूट रॅम्प. समोर कंपाउंडपर्यंत जागा आहे चौदा फूट. मग काय करायचं? दुमडायचा. नऊ फूट चढ, मग पाच फुटांचा सपाट कट्टा जिथे खुर्ची वळेल, तिथून उलटं फिरून परत नऊ फूट. नऊ आणि पाच, बरोबर चौदा! मिस्त्रींनी दोनदा मोजलं आणि हसले. रुंदी प्रत्येकी चार फूट, त्यात स्कूटरची एक रांग गेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये याच रांगेवरून तासभर वाजलं, कॅमेरा आत न्यायला परवानगी नव्हती म्हणून ते तुम्हाला दिसणार नाही, "एका माणसासाठी" हे शब्द दाराबाहेर ऐकू येत होते एवढंच. ठराव झाला, जेमतेम झाला.

चांगली लेव्हल कशी धरतात बघा. पारदर्शक नळीत पाणी, एक टोक वर पायरीला, एक टोक खाली खुंटीला, दोन्हीकडे पाणी एका रेषेत आलं की तिथून इंच मोजत सुतळी उतरवायची. वर कोबा. आणि कोब्याला पॉलिश नाही, हे महत्त्वाचं. कमिटीला ग्रॅनाइट हवा होता, "लूक येतो" म्हणून. पावसात त्या लूकवरून चाकं घसरतात. मिस्त्रींनी सिमेंट ओलं असतानाच खराटा आडवा ओढला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता, त्या बारीक रेघांवर चाक धरून राहतं. दोन्ही कडांना चार बोटं उंच पट्टी, चाक बाजूला उतरू नये म्हणून. मग गोणपाट टाकून सात दिवस पाणी.

दुसऱ्याच दिवशी गोणपाटावर कुणीतरी ॲक्टिव्हा लावून गेलं, चाकाची खूण अजून आहे.

(दृश्य: आठवा दिवस, सकाळ)

ताई एकट्या उतरतायत. मागे कुणी धरलेलं नाही. कट्ट्यावर थांबल्या, वळल्या, परत उतरल्या. खाली आल्या आणि पुढचं छोटं चाक अडकलं. रॅम्प संपतो तिथे पावसाच्या पाण्याच्या गटारावर लोखंडी जाळी आहे, तिच्या फटी आपल्या चालायच्या दिशेनेच आहेत आणि चाक बरोबर त्यात बसतं. हे मोजायचं आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ताईंनी रेटा देऊन चाक सोडवलं आणि मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री खाली बसले, फटीत दोन बोटं घालून बघितली.

"जाळी आडवी फिरवून बसवतो, ताई. उद्या सकाळी."

"सकाळी नको," ताई म्हणाल्या, "सकाळी मला बाहेर जायचंय. आत्ता करा."