दारातली झडती

(दृश्य: सामन्याच्या दिवसाची दुपार. छत्रपती शाहू स्टेडियमच्या दिशेने येणाऱ्या दुचाकी.)

कोल्हापुरात फुटबॉल पेठांनी वाढवला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे इथे संघांची म्हणून जेवढी ओळखीची आहेत, तेवढीच तालमींची आणि गल्ल्यांची म्हणूनही आहेत. त्यामुळे गॅलरीत बसलेला माणूस तटस्थ प्रेक्षक क्वचितच असतो. तो आपल्या पेठेचा माणूस म्हणून आलेला असतो. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा त्याचे कौतुक साऱ्या शहराने घरच्या मुलाचे करावे तसे केले. हा जिव्हाळा खेळाला पोसतो, आणि सामना तापला की तोच हुल्लडबाजीचेही कारण होतो. प्रेक्षकांतून मैदानात बाटल्या आल्या, दोन संघांचे समर्थक एकमेकांवर धावून गेले, पोलिसांना लाठी उगारावी लागली, अशा बातम्या कोल्हापूरकरांनी हंगामातून अनेकदा वाचल्या आहेत.

अशा प्रेक्षकाची झडती घेणे हे अनोळखी माणसाची झडती घेण्यापेक्षा अवघड काम आहे. दारात उभा असलेला स्वयंसेवक पुष्कळदा त्याच भागातला असतो, आणि "आपलाच हाय, जाऊ दे की" हे वाक्य कोणत्याही लेखी नियमापेक्षा वेगाने काम करते.

(दृश्य: प्रवेशद्वारापाशी एक टेबल. त्यावर ठेवलेल्या वस्तू जवळून.)

सामना सुरू होण्यापूर्वीच्या तासाभरात या दारात काय काय येते, ते पाहण्यासारखे आहे. कॉलेजातून परस्पर आलेल्या मुलाच्या पाठीवर सॅक असते, आणि तिच्यात वह्यांबरोबर जेवणाचा डबा व पाण्याने भरलेली स्टीलची बाटली असते. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेल्या कामगाराच्या पिशवीत पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर निघतो. दुचाकीवरून आलेल्याच्या हातात हेल्मेट असते, कारण ते गाडीवर ठेवले तर परत मिळण्याची खात्री नसते. कोणाच्या काखेत हलगी असते, तर कोणाच्या खिशात लायटर आणि पॉवर बँक. यांपैकी बहुतेकांच्या मनात काहीही वाईट नसते, हे तपासणी करणाऱ्यालाही ठाऊक असते. परंतु दारातला नियम मनाचा विचार करीत नाही. ती वस्तू विसाव्या पायरीवरून भिरकावली तर खाली कोणाच्या डोक्यात बसेल, एवढेच तो विचारतो, आणि भरलेली स्टीलची बाटली या परीक्षेत दगडापेक्षा फारशी मागे राहत नाही.

चपलेचे काय करायचे, याचे उत्तर मात्र जगातल्या कोणत्याही नियमावलीत नाही. चप्पल दारात काढून ठेवा, असे कोल्हापुरात फक्त देवळातच सांगता येते.

(दृश्य: जुन्या इंग्लिश मैदानांची छायाचित्रे.)

फेकण्याजोगी वस्तू दारातच अडवावी, या विचाराला इंग्लंडमध्ये १९८५ साली कायद्याचे रूप मिळाले. मैदानावरील मद्यपानाला आळा घालण्यासाठी केलेल्या त्या कायद्यात पेयाची बाटली, डबा किंवा रिकामे झाल्यावर टाकून द्यायचे तत्सम भांडे, ज्याचा मार लागला तर इजा होऊ शकेल, असे काहीही आत नेण्यास मनाई करण्यात आली. ते भांडे चेपलेले किंवा फुटलेले असले तरी मनाई लागू होते, असे कायदा स्पष्ट सांगतो. औषधाची बाटली मात्र तो वगळतो. कायदा लिहिणाऱ्यांनी गॅलरीतल्या माणसाचा राग आणि त्याचा खोकला या दोन्हींचा विचार केला होता, असे म्हणावे लागेल. पुढे तिथल्या मैदानांवर पाण्याची बाटली विकताना तिचे झाकण काढून घेण्याची पद्धत रुळली. झाकण नसलेली बाटली फेकली तर पाणी वाटेतच सांडते आणि तिचा मार हलका होतो.

गॅलरीतला राग किती महागात पडतो, हा धडा आपल्या देशाला त्याआधीच कोलकात्याने दिला होता. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात गॅलरीत हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली, आणि १६ प्रेक्षक प्राणांस मुकले.

(दृश्य: पारदर्शक पिशव्या घेऊन रांगेत उभे असलेले प्रेक्षक.)

पिशवीच्या आकारावरील बंधन मात्र वेगळ्या भीतीतून आले. १३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री पॅरिसच्या स्टाद द फ्रान्सवर फ्रान्स आणि जर्मनी यांचा सामना चालू असताना तीन आत्मघातकी हल्लेखोरांनी मैदानाबाहेर स्फोट घडवले. आत सुमारे ८०,००० प्रेक्षक होते, आणि तिघांपैकी एकालाही आत पोहोचता आले नाही. २२ मे २०१७ रोजी मँचेस्टरमधील एका संगीत कार्यक्रमाच्या शेवटी पाठीवरच्या मोठ्या सॅकमधून आणलेल्या बॉम्बने २२ जणांचा बळी घेतला. अमेरिकेतील एनएफएल या त्यांच्या फुटबॉल लीगने २०१३ पासूनच मैदानात पारदर्शक पिशवीची सक्ती केली होती. मँचेस्टरनंतर इंग्लंडमधील अनेक फुटबॉल मैदानांनी मोठ्या सॅक बंद केल्या आणि पिशवीसाठी ए-फोर आकाराची मर्यादा ठरवली. झेरॉक्सच्या दुकानातला साधा कागद, म्हणजे २९.७ गुणिले २१ सेंटिमीटर, हेच ते माप होय. त्यासाठी मोजपट्टी लागत नाही आणि वादही घालता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

तथापि मँचेस्टरच्या घटनेतून केवळ पिशवीचे माप शिकणे पुरेसे नाही. तो स्फोट सभागृहात झाला नाही. बाहेरच्या दालनात, लोक घरी निघालेले असताना झाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात असे नमूद आहे, की तिथे घुटमळणाऱ्या त्या हल्लेखोराबद्दल दालनात वाट पाहत थांबलेल्या एका माणसाने सुरक्षा कर्मचाऱ्याला सावध केले होते, पण त्या सूचनेची पुरेशी दखल घेतली गेली नाही. पिशव्या मोजणारे हात पुष्कळ मिळतात. कोणी काही सांगितले तर ते कोणाला कळवायचे हे ज्याला ठाऊक आहे, असा एक माणूस दारात असणे अधिक मोलाचे आहे.

(दृश्य: दारातून एकेक करून आत जाणारे प्रेक्षक. कोपऱ्यात घड्याळ.)

आता थोडा हिशेब करू. इंग्लंडमध्ये मैदानांच्या सुरक्षिततेसाठी १९७३ पासून एक मार्गदर्शिका निघते. तिच्यानुसार एका फिरत्या दारातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे आत जाऊ शकतात, असे धरून नियोजन करावे लागते. म्हणजे एका माणसाला साडेपाच सेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळतो. एक सॅक उघडून, आतला डबा बाजूला करून, तळाशी हात घालून ती बंद करायला अर्धा मिनिट धरला, तर त्याच दारातून तासाला १२० माणसेच जातील. प्रत्येकाच्या पाठीवर सॅक असेल तर एका दाराचे काम करायला साडेपाच दारे लागतील, आणि तेवढी दारे कोणत्याही मैदानाकडे नसतात.

मग होते असे, की सामना सुरू व्हायला पाच मिनिटे उरतात, आतून पहिला जल्लोष ऐकू येतो, मागचे लोक रेटू लागतात, आणि तपासणी करणारा माणूस एकतर सगळ्यांना तसाच आत सोडतो किंवा दार लावून घेतो. पहिल्यात तपासणी वाया जाते. दुसऱ्यात माणसे चिरडण्याची भीती असते. २८ मे २०२२ रोजी पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापूर्वी तिकीट तपासणीच्या अरुंद वाटेवर हजारो प्रेक्षक अडकून पडले आणि सामना उशिरा सुरू करावा लागला. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्रिकेटच्या विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत, दारांपाशीच, ११ जणांचा मृत्यू झाला. सुरक्षिततेसाठी उभे केलेले दार हेच गर्दी साचण्याचे ठिकाण असते, ही गोष्ट बंदोबस्ताच्या आराखड्यात सर्वांत आधी लिहिली गेली पाहिजे.

यावरचा पहिला उपाय साधा आहे. ज्याच्या हातात काही नाही, त्याची रांग वेगळी असावी आणि ती झपाट्याने पुढे सरकावी. पिशवी आणणाऱ्याने थांबावे. पिशवी घरी ठेवून येण्याचा फायदा माणसाला दोन सामन्यांत कळतो, आणि तिसऱ्या सामन्याला तो रिकाम्या हाताने येतो.

(दृश्य: स्टेडियमभोवतीचे रस्ते. नंतर शिवाजी पेठेतील एक तालीम.)

शाहू स्टेडियम शहराच्या ऐन गर्दीच्या भागात आहे. परदेशातील मैदानांभोवती असते तशी मोकळी आवारे इथे नाहीत, आणि दारातली रांग थोडी लांबली की ती वाहतुकीच्या रस्त्यावर येते. म्हणून कोल्हापुरात तपासणीचे निम्मे काम दारापर्यंत येण्याच्या आतच उरकले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी व्यवस्था या शहरात आयती आहे. सामन्याच्या दिवशी मोठ्या संघांची पोरे आधी आपापल्या तालमीत जमतात आणि तिथून घोळक्याने मैदानाकडे निघतात. सॅक, हेल्मेट, डबा, पाना हे सगळे तालमीतच ठेवता येईल. सांभाळायला गल्लीतले एखादे वडीलधारे माणूस बसवले, तर टोकन आणि पावत्यांचीही गरज पडणार नाही. तालमीतल्या वस्ताद मंडळींचा आणि जुन्या खेळाडूंचा शब्द पोरे मानतात. "बाटली इथंच ठेव, मग जा" हे त्यांनी सांगणे आणि तेच दारात खाकी वर्दीतल्या माणसाने सांगणे, यांतला फरक कोल्हापूरकराला समजावून सांगावा लागत नाही.

दूरच्या उपनगरांतून आणि खेड्यांतून येणाऱ्यांना तालमीचा हा आधार नसतो. त्यांच्यासाठी मैदानाजवळ सामान ठेवण्याची खोली हवी. क्रिकेटच्या मोठ्या सामन्यांना बंदी घातलेल्या वस्तूंची लांबलचक यादी जाहीर होते, परंतु ती वस्तू ठेवायची कोठे, याचे उत्तर मिळत नाही. मग दाराशेजारी बाटल्यांचा आणि पॉवर बँकांचा ढीग साचतो, आणि तिकीट घेतलेला माणूस आपली वस्तू गमावून चरफडत आत जातो. असा चरफडलेला प्रेक्षक शांतपणे सामना पाहील, अशी अपेक्षा ठेवणे फार झाले. अंबाबाईच्या दर्शनाला येणारा भाविक चप्पल, पिशवी आणि रांग या तिन्हींशी कुरकुर न करता जुळवून घेतो, कारण परत आल्यावर आपली चप्पल जागेवर असेल, हे त्याला माहीत असते.

कायद्याचे बळ पोलिसांकडे आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ प्रमाणे शस्त्रे, सोटे, स्फोटके, तसेच दगड किंवा फेकता येतील अशा वस्तू बाळगण्यास आणि गोळा करण्यास आदेश काढून मनाई करता येते. हे आदेश कोल्हापूर जिल्ह्यात सण, निवडणुका आणि आंदोलनांच्या काळात निघतच असतात. पण आदेशाची भाषा फलकावर जशीच्या तशी चिकटवली, तर ती कोणी वाचत नाही. वर्तमानपत्रात 'आजचे सामने' छापून येतात त्याच चौकटीत, आणि प्रत्येक तालमीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, काय आणू नये हे सकाळीच दोन ओळींत सांगितले, तर त्याचा उपयोग अधिक होईल.

पाण्याचा मुद्दा हक्काचा आहे. इथला हंगाम थंडीत सुरू होऊन भर उन्हाळ्यापर्यंत चालतो, आणि एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पायऱ्यांवर दोन तास बसणाऱ्या माणसाची बाटली काढून घेतली, तर आत पिण्याचे पाणी देणे ही आयोजकांची जबाबदारी ठरते. ते कागदी पेल्यांतून द्यावे. पेला फेकला तरी कोणाचे डोके फुटत नाही.

महिलांची झडती महिलेनेच, आडोशाला आणि अदबीने घ्यावी, हे सांगण्याची वेळ येऊ नये. तरीही त्यासाठी महिला पोलीस किंवा स्वयंसेविका सामन्याच्या पहिल्या मिनिटापर्यंत दारावर असतीलच, अशी नेमणूक लेखी असली पाहिजे, कारण नेमणूक नसली तर आई आणि मुलगी पहिल्याच सामन्याला दारातून परत फिरतील, आणि मैदान पुन्हा फक्त पोरांचे राहील.

(दृश्य: सामना संपत आला आहे. बाहेर पडण्याचे दार, आतल्या बाजूने.)

झडतीची सारी चर्चा आत येणाऱ्यांची असते, पण मोठी संकटे बाहेर पडताना ओढवली आहेत. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातील मलांग जिल्ह्यात फुटबॉल सामना संपल्यावर प्रेक्षक मैदानात उतरले, पोलिसांनी गॅलरीच्या दिशेने अश्रुधूर सोडला, आणि अरुंद दारांकडे धावलेल्या गर्दीत १३५ जणांचे प्राण गेले. मैदानात गर्दी पांगवणारा वायू वापरू नये, असे फिफाचे नियम त्याआधीपासून सांगत होते. तपासणीसाठी दाराच्या वाटेत लावलेले टेबल, बांधलेले बांबू आणि दोऱ्या प्रेक्षक आत गेल्यावर लगेच हलवल्या नाहीत, तर संध्याकाळी त्याच वाटेवर माणसे अडखळून पडतात. झडतीसाठी नेमलेली मंडळी सामना सुरू झाला की बहुधा स्वतःही सामना पाहायला आत जातात, आणि कोल्हापुरात त्यांना त्याबद्दल फार दोष देता येणार नाही. परंतु शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी त्यांनी दारावर परत यावे, दोन्ही दारे पूर्ण उघडून अडकवून ठेवावीत, आणि कुलपाची किल्ली ज्याच्या खिशात आहे, त्याने तरी त्या वेळी गॅलरीत बसू नये.