कांद्याच्या पापुद्र्यात न दिसणारं

(दृश्य : शाळेची प्रयोगशाळा. खिडकीजवळ सूक्ष्मदर्शी, आरसा उजेडाकडे वळवलेला. चिमट्यात कांद्याचा पापुद्रा.)

कांद्याची एक जाड पाकळी घ्यायची, मोडायची, आणि आतल्या खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने हलकेच ओढायचा. लगेच पाण्यात सोडायचा, नाहीतर त्याची गुंडाळी होते. मग काचपट्टीवर पसरून आयोडिनचा एक थेंब. वरची कव्हरस्लिप सुईच्या टोकावर तिरकी टेकवून सावकाश खाली आणायची, म्हणजे हवा अडकत नाही. तरी अडकतेच. काळ्या, जाड कडेचा गोल गरगरीत बुडबुडा. दरवर्षी कुणीतरी तो बुडबुडाच मन लावून वहीत काढतं आणि बाण मारून लिहितं, 'केंद्रक'.

खरं केंद्रक एवढं ऐटबाज नसतं. विटांसारख्या रचलेल्या लांबट पेशी, आणि प्रत्येकीत एक पिवळट-तपकिरी ठिपका, बहुतेकदा कडेला ढकललेला. मधली जागा रिक्तिकेने, म्हणजे पाणीदार रसाने भरलेल्या पिशवीने बळकावलेली असते. याच ठिपक्याला १८३१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी नाव दिलं, ऑर्किडच्या पेशी न्याहाळताना.

बस्स. शाळेच्या सूक्ष्मदर्शीतून एवढंच दिसतं. आणि पुस्तकातली आकृती? तिथे तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी पिंड, लयकारिका ही पेशीतली अंगकं, म्हणजे तिचे छोटे अवयव, सगळे रंगीत कपडे घालून, एकमेकांपासून अंतर राखून ऐसपैस बसलेले. खरी पेशी म्हणजे गर्दीच्या वेळची लोकल. पण त्याहून मोठा प्रश्न असा, की हे सगळं कुणाला दिसलं, आणि कसं?

(दृश्य : काळ्या रेषांचं जुनं रेखाचित्र, चेतापेशीत पसरलेली जाळी.)

१८९८. इटलीतलं पाविया शहर. कामिल्लो गॉल्गी घुबडाच्या चेतापेशींवर चांदीच्या क्षाराची प्रक्रिया करत होते. एका नमुन्यात पेशीच्या आत काळी जाळी उमटली. त्यांनी तिला अंतर्गत जाळीदार यंत्रणा म्हटलं. पंचाईत अशी, की ही जाळी कधी उमटायची, कधी नाही. त्यामुळे पुढची पन्नासएक वर्षं कित्येक शास्त्रज्ञ म्हणत राहिले, हे अंगक वगैरे काही नाही, हे रंगाचे डाग आहेत. वहीतल्या बुडबुड्याचीच शंका, मोठ्या माणसांच्या पातळीवर! १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या स्वच्छ दिसल्या, तेव्हा वाद मिटला. गॉल्गी तोवर हयात नव्हते.

दिसलं, पण ते करतं काय? त्यासाठी पेशीशास्त्रज्ञ जॉर्ज पॅलाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. स्वादुपिंडाच्या पेशींना थोडा वेळ किरणोत्सारी अमिनो आम्लं द्यायची, आणि त्यांपासून बनलेली प्रथिनं कुठे पोचली ते ठरावीक वेळाने तपासायचं. तीन मिनिटांनी पाहिलं, तर ती आंतर्द्रव्यजालिकेत होती, जिच्या पाठीवर रायबोझोमचे दाणे प्रथिनं विणत असतात. वीसेक मिनिटांनी गॉल्गी पिंडात. दोन तासांनी पेशीच्या कडेला, बाहेर पडायच्या तयारीतल्या दाण्यांमध्ये. जालिकेत प्रथिनांना घडी पडते, गॉल्गीत साखरेच्या साखळ्यांची काटछाट होते, कुणाला कुठे धाडायचं ते ठरतं. जेवणानंतर आपल्या रक्तात उतरणारं इन्सुलिन याच वाटेने येतं.

(दृश्य : प्रयोगशाळेतला जुना फ्रिज. दार उघडतं.)

लयकारिका मात्र आधी दिसल्याच नाहीत. त्या हिशेबात सापडल्या.

१९४९, बेल्जियम. जीवरसायनशास्त्रज्ञ क्रिस्तियान द दुव्ह उंदराच्या यकृतावर काम करत होते. यकृत हलक्या हाताने घोटून एका विकराची (एन्झाइमची) क्रिया मोजली, तर ती अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी भरली. नमुना फ्रिजमध्ये ठेवून दिला. पाच दिवसांनी पुन्हा मोजलं, तर क्रिया पूर्ण! फ्रिजमध्ये पडून विकर वाढत नाही. म्हणजे ते पहिल्या दिवशीही तिथेच होतं, फक्त कशात तरी बंद होतं, आणि शिळं होता होता ते आवरण फाटलं. नमुना ओतून देऊन 'मोजण्यात चूक झाली' म्हणणं किती सोपं होतं! १९५५ मध्ये या पिशव्यांना लायसोसोम, म्हणजेच लयकारिका, हे नाव मिळालं.

पाठ्यपुस्तकं त्यांना 'आत्मघाती पिशव्या' म्हणतात. मला हे नाव जरा नाटकी वाटतं. ही विकरं आम्लात चालतात. लयकारिकेच्या आत सामू (पीएच, आम्लता मोजण्याचा आकडा) पाचच्या आसपास, तर बाहेर सातच्या थोडा वर. एखादी पिशवी गळलीच, तर विकरं बाहेर येऊन बरीचशी थंडावतात. रोजचं काम घरकामाचंच : मोडलेली अंगकं, आत ओढलेले जिवाणू, जुनी प्रथिनं फोडायची आणि तुकडे पुन्हा वापरायला द्यायचे.

(दृश्य : तंतुकणिकेची दुहेरी पटलं, आतल्या घड्या.)

तंतुकणिका. 'पेशीचे ऊर्जाकेंद्र', एक गुण. पण हा एका गुणाचा विषय नाही. तिच्याकडे स्वतःचा डीएनए आहे, जिवाणूसारखा वर्तुळाकार, माणसात ३७ जनुकांचा, आणि तो आपल्याला आईकडूनच मिळतो. १९६७ मध्ये जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी मांडलं, की तंतुकणिका एके काळी स्वतंत्र जिवाणू होत्या. दुसऱ्या पेशीत शिरल्या आणि तिथेच राहिल्या. ही कल्पना बऱ्याच जणांनी उडवून लावली होती. आज ती अभ्यासक्रमात आहे. खूण हवी असेल तर क्लोरॅम्फेनिकॉल घ्या, पूर्वी टायफॉइडवर सर्रास दिलं जाणारं औषध. ते जिवाणूंचे रायबोझोम अडवतं, आणि थोडेफार आपल्या तंतुकणिकांचेही.

(दृश्य : रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरतो.)

आता दुसरी काचपट्टी. केंद्रक पटलात गुंडाळलेल्या पेशींना आपण दृश्यकेंद्रकी म्हणतो, आणि माणूस अशाच पेशींचा बनलेला आहे. पण या तांबड्या पेशींमध्ये ठिपका शोधा. सापडणार नाही. अस्थिमज्जेत तयार होताना त्यांनी केंद्रक बाहेर टाकलं, तंतुकणिकाही मोडीत काढल्या. जागा सगळी हिमोग्लोबिनला. डबेवाल्याने वाटेत डबा खायचा नसतो, तसा या पेशी ऑक्सिजन वाहतात पण स्वतः वापरत नाहीत. मात्र दुरुस्तीचं सामानही केंद्रकाबरोबरच गेलेलं. साधारण १२० दिवसांत त्या ताठरतात. मग प्लीहा किंवा यकृतातली एखादी भक्षक पेशी अशा थकलेल्या पेशीला वेढते, आत घेते. लयकारिका तिच्यापाशी येऊन मिळतात. हिमोग्लोबिन फुटतं, त्यातलं लोह सुटं होतं, आणि रक्तावाटे पुन्हा अस्थिमज्जेत पोचतं. तिथे या क्षणी दर सेकंदाला वीसेक लाख नव्या तांबड्या पेशी तयार होत आहेत.

(दृश्य : काचपट्टी स्थिर. बाजूला सोललेला कांदा. पडदा काळा.)