बियांचे पंख कुठे गेले? बेटावरच्या झाडांसाठी आयुष्य दिलेला माणूस

नमस्कार मंडळी, बडोद्याहून बोलतेय. अंदमानच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आज तेवढ्यावरच बोलू: ताई, बेटांवरच्या झाडांचा अभ्यास हे करिअर असतं का, आणि त्यात माणूस दिवसभर करतो काय?

रस्ता पटकन सांगते. बॉटनीत बी.एस्सी., एम.एस्सी., मग नेटची परीक्षा, मग पीएचडी. आपल्याकडे बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं अंदमान-निकोबारसाठी वेगळं केंद्र आहे, 1972 पासून. झालं, आता कामाकडे येऊ.

काम कसं असतं ते अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ शेर्विन कार्लक्विस्ट यांच्याकडे बघून कळतं. जन्म 1930 चा, लॉस एंजेलिसचा, 2021 मध्ये गेले. 1956 पासून कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँटला शिकवलं, तिथल्याच बोटॅनिक गार्डनमध्ये संशोधन केलं. हवाईला आणि पॅसिफिकमधल्या बेटांवर भरपूर फिरले, पण आयुष्यातली कितीतरी वर्षं लाकडाचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघण्यात गेली. एका दादांनी कमेंट केलीय, "मस्त, पगार घेऊन बीचवर फिरायचं." दादा, बी.एस्सी.ला आम्ही टी.एस., म्हणजे आडवे छेद, घ्यायचो, गाजराच्या तुकड्यात देठ धरून ब्लेडने काप काढायचे, वीस काढले की एखादा पारदर्शक निघायचा, आणि सॅफ्रॅनिनच्या रंगाने बोटं लाल ती दोन दिवस लालच. हेच काम साठ वर्षं करायची तयारी आहे का, असं आधी स्वतःला विचारा.

त्या कापांमधून काय मिळालं बघा. हवाईत माउई बेटावर हालेआकाला नावाचा तीन हजार मीटरहून उंच ज्वालामुखी आहे, तिथे सिल्व्हरस्वर्ड वाढते, चांदीसारखी पानं, कित्येक वर्षं वाढते, एकदाच फुलते आणि मरते. सूर्यफुलाच्या कुळातली. कार्लक्विस्टनी तिची आणि तिच्या भावकीची आतली रचना बघितली आणि म्हणाले, ही तर कॅलिफोर्नियातल्या टारवीडची नातेवाईक. टारवीड म्हणजे चिकट पानांचं तण! मध्ये साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा जास्त समुद्र! सगळ्यांना पटलं नाही. 1991 मध्ये ब्रूस बॉल्डविन आणि सहकाऱ्यांनी डीएनए बघितला, तेव्हा नातं पक्कं झालं. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

"सगळं नारळासारखं वाहतच आलं ना" असंही बऱ्याच जणांनी लिहिलंय. काही आलं. डार्विननी 87 प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात टाकल्या, 28 दिवसांनी त्यातल्या 64 उगवल्या. पण वाऱ्याने येतात, पक्ष्यांच्या पिसांना चिकटून येतात, पोटातूनही येतात.

आता ज्यासाठी बसलेय ते. इतक्या लांब उडून किंवा चिकटून आलेल्या झाडांचे वंशज बेटावर नीट उडत नाहीत, चिकटत नाहीत. आपल्या सॉक्सला कुसळं चिकटतात ना, तशा बियांचं बिडेन्स नावाचं झुडूप हवाईत आहे, तिथल्या काही जातींची कुसळं जवळपास गेलीयत. कार्लक्विस्टनी यावर खूप लिहिलं. आणि इथे प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो, मला ते सहन होत नाही: "झाडाला गरज उरली नाही म्हणून त्याने पंख सोडले." नाही हो. झाड काही सोडत नाही.

रुईची म्हातारी आठवा. बोंड फुटलं की पांढरे तुरे हवेत. समजा एका छोट्या बेटावर रुई आहे, काही बियांचा तुरा मोठा, काहींचा आखूड. मोठा तुरा वाऱ्याबरोबर समुद्रात गेला, संपला. आखूडवाली आईच्या पायाशी पडली, उगवली, पुढच्या वर्षी तिच्याच बिया. एकाही झाडाने काहीही ठरवलं नाही.

अजून पटत नसेल तर उत्तरायण घ्या, म्हणजे आमच्याकडची पतंगांची संक्रांत. सकाळी गच्चीवर तीस पतंग नेले, दिवसभर पेच झाले, कापले गेले ते गावातल्या मांडवीकडे वाहून गेले. संध्याकाळी घरी काय आलं? बहुतेक न उडालेले. त्या पतंगांना कुणी न उडायला शिकवलं नव्हतं, उडणारे फक्त परत आले नाहीत.

आणि हे मोजलेलंही आहे. कोडी आणि ओव्हर्टन या संशोधकांनी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लहान लहान बेटांवर लेट्यूसच्या नात्यातली रोपं वर्षानुवर्षं बघितली, 1996 मध्ये छापलं: बेटावर वस्ती झाल्यापासून थोड्याच वर्षांत बियांची उडायची ताकद घटलेली. लाखो वर्षं लागली नाहीत.

माझ्या व्हायव्हाला मीही "झाडाने गरजेनुसार बदल केला" म्हटलं होतं. बाहेरून आलेल्या सरांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या झाडाने? बोट दाखव." मला दाखवता आलं नाही, आणि तेव्हापासून हे वाक्य मी कुणालाच तसंच जाऊ देत नाही.

एक मात्र, समुद्रात पडणं एवढंच कारण नव्हे. कार्लक्विस्टना दिसलं की हवाईतली बिडेन्स उघड्या किनाऱ्याकडून आत दाट, दमट जंगलात गेली तशी कुसळं कमी झाली. जंगलात ना येणारंजाणारं जनावर, ना मोकळी जागा, आणि लांब पडलेल्या बीला तिथल्यासारखी माती मिळेलच असं नाही.

आता तुमचं काम. उन्हाळ्यात रुईचं पिकलेलं बोंड आणा, चीक डोळ्याला लागू देऊ नका. दहा बिया तशाच, दहांचा तुरा कात्रीने अर्धा. पंखा बंद, स्टुलावर उभं राहून एकाच उंचीवरून एकेक सोडा, फोनवर वेळ मोजा. दोन्हीचे आकडे खाली कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत मी सगळ्यांचे एकत्र मांडते.